दाखवायचे दात आणि खायचे दात

सरकारी आरोग्य योजनांचे जे रंगीत फलक सध्या आमच्या सीमाभागातील बसस्थानकांवर, तालुका कचेऱ्यांच्या भिंतींवर आणि रुग्णालयांच्या दारांवर झळकत असतात, त्यांवर बहुधा एखादी वृद्ध माता किंवा फेटा बांधलेला एखादा वृद्ध शेतकरी प्रसन्न मुद्रेने हसताना दाखविलेला असतो. त्या चित्रांतील वृद्धांच्या मुखात बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत असतात. फलकाखालच्या बाकावर जो खराखुरा वृद्ध एसटीची वाट पाहत बसलेला असतो, त्याच्या मुखाकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. त्याचे गाल आत गेलेले, ओठ मुडपलेले आणि मुख रिकामे असते. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे दात वेगळे, ही म्हण आमच्या पूर्वजांनी कोणत्या राज्यकर्त्यांना उद्देशून केली हे सांगता येत नाही. परंतु आजच्या राज्यकर्त्यांनी ती शब्दशः खरी करून दाखविली आहे. दाखवायचे दात फलकावर आहेत. खायचे दात मात्र गरिबाला कोठेच मिळत नाहीत.

विषय क्षुल्लक वाटेल. राज्यांच्या सीमांचा, मातृभाषेचा आणि लाखो लोकांच्या भवितव्याचा प्रश्न पुढे उभा असता या पत्राने दातांच्या कवळीवर अग्रलेख लिहावा, याचे काही वाचकांना हसूही येईल. हसतील त्यांचे दात दिसतील आणि आमचे म्हणणेही तेवढेच आहे, की ज्यांचे दात हसताना दिसतात त्यांनी, ज्यांना दिसण्यासारखे दातच उरले नाहीत, त्यांचा क्षणभर विचार करावा.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. २०१८ च्या सप्टेंबरात केंद्र सरकारने आयुष्मान भारत – प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सुरू केली. गरीब कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचा रुग्णालयीन उपचार मोफत, असे तिचे स्वरूप. त्याच वर्षी कर्नाटकाने आपली आरोग्य कर्नाटक योजना तिच्याशी जोडली आणि महाराष्ट्रानेही आपली महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना तिच्याशी एकत्र केली. पुढे २०२३ मध्ये महाराष्ट्राने आपल्या योजनेतील दीड लाखाची मर्यादा ५ लाखांवर नेली. २०२४ च्या ऑक्टोबरात केंद्राने वयाची ७० वर्षे पूर्ण केलेल्या सर्व नागरिकांना, त्यांचे उत्पन्न काहीही असो, या ५ लाखांच्या छत्राखाली घेतले. या सर्व गोष्टी चांगल्या आहेत. हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी घरदार गहाण टाकणाऱ्या कुटुंबांना त्यांनी आधार दिला, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो.

परंतु याच केंद्रीय योजनेच्या नियमांत काय वगळले आहे, याची जी यादी आहे ती वाचकांनी एकदा डोळ्यांखालून घालावी. दातांची झीज, किडलेल्या दाताची पोकळी भरणे, दातांच्या मुळांवरील उपचार, हिरड्यांचे विकार, रोपण केलेले दात, शोभेसाठी किंवा सुधारणेसाठी केलेले दंतोपचार, हे सारे त्या यादीत एका ओळीत बसविलेले आहे. अपघात झाला, जबड्यात गाठ वा अर्बुद झाले आणि त्यासाठी हाडावर उपचार करण्यास रुग्णालयात राहावे लागले, तरच अपवाद. याचा अर्थ साध्या मराठीत असा, की जबडा मोडला तर सरकार तुमचे आहे. जबडा रिकामा झाला तर तुमचे तुम्ही पाहा. ७० वर्षांच्या वृद्धाच्या हाती ५ लाखांचे पत्र आहे, पण त्या पत्रावर त्याला भाकरी चावता येईल अशी कवळी काही मिळत नाही. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, ही गत आजवर आम्ही नशिबाची समजत होतो. आता ती नियमाची झाली आहे.

सरकारी दवाखान्यात दुखणारा दात काढून देतात, तोही बहुधा मोफत किंवा नाममात्र शुल्कात. ज्याच्याजवळ पैसा आहे तो खासगी दंतवैद्याकडे जातो, दात भरून घेतो, मुळावर उपचार करवितो, वर टोपी बसवितो आणि आपला दात वाचवितो. ज्याच्याजवळ पैसा नाही त्याला वेदना थांबविण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे दात काढणे. असे एकेक करून दात जातात. म्हणजे वृद्धपणी मुख रिकामे होणे हा सर्वस्वी निसर्गाचा खेळ नव्हे. अर्धा तो दारिद्र्याचा खेळ आहे. काढण्याचे काम सरकारचे आणि बसविण्याचे काम नशिबाचे, असा हा व्यवहार आहे. पाय कापावा लागलेल्या माणसाला कृत्रिम पाय मिळावा हे सर्वांना पटते. मग काढलेल्या दातांच्या जागी कृत्रिम दात मिळावेत हे का पटू नये?

आमच्या सीमाभागाला तर या प्रश्नाची एक विशेष धार आहे. निपाणी हे तंबाखूचे गाव. तेथील वखारींत तंबाखू कुटण्यात, चाळण्यात आणि घरोघरी विड्या वळण्यात ज्या मराठी स्त्रियांच्या पिढ्या गेल्या, त्यांच्या हातांनी या गावाला ऐश्वर्य आले. १९८१ साली याच निपाणीत तंबाखू उत्पादकांनी रास्त भावासाठी जे आंदोलन केले आणि त्यावर जो गोळीबार झाला, त्याची आठवण अजून पुसली गेलेली नाही. त्या तंबाखूवर सरकारने वर्षानुवर्षे कर घेतला. विडी कामगारांच्या कल्याणासाठी म्हणून १९७६ साली कायदा झाला आणि विड्यांवर उपकर बसला. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला आणि तो उपकरही गेला. वखारीत काम करणारी बाई दिवसभर तंबाखूच्या धुळीत असते. भूक मारण्यासाठी आणि सवयीने ती मशेरी लावते. मशेरीने हिरड्या सुटतात आणि दात हलू लागतात. पन्नाशीच्या आत तिचे मुख रिकामे होते. तंबाखूचे पैसे व्यापाऱ्याला मिळाले, कर सरकारला मिळाला, आणि दात गेले ते मात्र त्या बाईचे. मशेरी वाईट, हे आम्हांसही मान्य आहे आणि ती सुटली पाहिजे याबद्दल दुमत नाही. परंतु ज्या पिकाच्या करावर खजिना पोसला त्या पिकाने ज्यांचे दात नेले, त्यांना उपदेश तेवढा मोफत आणि कवळी मात्र विकत, हा न्याय कोणता?

आता आमच्या विरोधकांचे आक्षेप पाहू. पहिला आक्षेप असा, की कवळी ही शोभेची वस्तू आहे. हा आक्षेप घेणाऱ्यांनी एक दिवस दात नसल्यासारखे जेवून पाहावे. सकाळची ज्वारीची भाकरी आमटीत कुस्करून, भिजवून, गिळावी. शेंगदाणे, हरभरे, काकडी, गाजर, पेरू यांना हात लावू नये. खानापूरच्या डोंगराकडे राहत असाल तर पेजेवर दिवस काढावा. असे एक दिवस नव्हे, वर्षानुवर्षे जगणाऱ्या माणसाच्या आहारातून कडधान्ये, कच्च्या भाज्या आणि फळे हळूहळू नाहीशी होतात व मऊ, पिठूळ, गोड पदार्थ तेवढे उरतात. मधुमेह असेल तर तो बळावतो. अशक्तपणा असेल तर तो वाढतो. मग हाच वृद्ध अशक्त होऊन रुग्णालयात दाखल झाला म्हणजे त्याची खाट, त्याची सलाईन, त्याची औषधे यांसाठी विम्याचे पत्र उघडते! जे दुखणे कवळीने टळले असते त्याच्यावर खर्च करावयास सरकार तयार आहे, पण कवळीवर नाही. याला काटकसर म्हणावे की आंधळेपणा?

दुसरा आक्षेप विद्वानांचा आहे आणि तो अधिक विचारपूर्वक ऐकण्यासारखा आहे. ते म्हणतात, की विमा हा क्वचित येणाऱ्या मोठ्या संकटासाठी असतो. जो खर्च बहुतेकांवर केव्हातरी येणारच, तो विम्यात घातला तर विम्याचे तत्त्वच बिघडते. खासगी कंपनीच्या विम्याबद्दल हे खरे असेल. परंतु येथे हप्ता गरीब भरत नाही. सरकारी तिजोरी भरते, आणि ती तिजोरी जनतेची आहे. नाव विम्याचे असले तरी वस्तुतः ही सार्वजनिक उपचाराची हमी आहे. शिवाय मोठे संकट कोणते आणि लहान कोणते, हे ठरविण्याचे माप कोणाच्या घरचे घ्यावयाचे? वरच्या व खालच्या संपूर्ण कवळीला जो खर्च येतो तो पगारदाराच्या दृष्टीने किरकोळ असेल. रोजंदारीवर जगणाऱ्या विधवेच्या दृष्टीने तो कित्येक आठवड्यांची मजुरी असतो. तिला तो कधीच जमत नाही, म्हणून ती कवळी कधीच करीत नाही. जो खर्च माणूस कधीच करू शकत नाही, तो लहान कसा? आणि खोट्या मागणीची भीती तर मुळीच नको. मोफत कवळी मिळते म्हणून आपले चांगले दात उपटून घेणारा मनुष्य अद्याप जन्माला आलेला नाही.

तिसरा आक्षेप खर्चाचा. लोकांच्या रांगा लागतील आणि तिजोरी रिती होईल, असे म्हणतात. या भीतीचाही इतिहास आहे. ब्रिटनमध्ये १९४८ च्या जुलैत राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, तेव्हा कवळ्या आणि चष्मे यांसाठी लोकांची अशी झुंबड उडाली, की सारे अंदाज कोसळले. पिढ्यान्पिढ्यांचे दारिद्र्य एकदम दंतवैद्यांच्या दारी येऊन उभे राहिले होते. १९५१ साली अर्थमंत्री गेट्स्केल यांनी कवळ्या व चष्मे यांवर शुल्क बसविले. त्या सेवेचे जनक, वेल्समधील खाणकामगाराचे पुत्र आणि स्वतः खाणीत राबलेले अन्यूरिन बेव्हन यांनी मुख्यतः या प्रश्नावरून मंत्रिपदाचा राजीनामा फेकला. त्यांचे म्हणणे दातांपुरते नव्हते. मोफत उपचाराच्या तत्त्वाला एकदा भोक पडले, की ते मोठे होत जाते, हे ते जाणत होते. लोकांच्या कवळीसाठी मंत्र्याने खुर्ची सोडावी, ही गोष्ट आमच्याकडील मंत्र्यांना कल्पित कथेसारखी वाटेल. आमच्याकडे खुर्चीसाठी तत्त्वे सोडण्याचा प्रघात अधिक. असो. रांग लागते ती योजना उधळी आहे म्हणून नव्हे. गरज साचलेली आहे म्हणून लागते. रांगेच्या भीतीने दार बंद ठेवणाऱ्याने गरज नाहीशी केलेली नसते. ती केवळ दृष्टीआड केलेली असते.

आणि या सर्वांवर कडी करणारी गोष्ट अशी, की कवळी ही गरजेची वस्तू आहे हे केंद्र सरकारने स्वतःच एके ठिकाणी कबूल केलेले आहे! २०१७ साली सामाजिक न्याय खात्याने राष्ट्रीय वयोश्री योजना काढली. दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठ नागरिकांना काठी, कुबड्या, चाकाची खुर्ची, श्रवणयंत्र, चष्मा आणि कृत्रिम दात द्यावयाचे, असे तिच्या यादीत स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे एका खात्याच्या लेखी कवळी ही जगण्याचे साधन आहे आणि दुसऱ्या खात्याच्या विमा नियमांत दंतोपचारांना दारही मोकळे नाही. एका सरकारची ही दोन मुखे, एकात दात आणि दुसऱ्यात नाहीत! शिवाय वयोश्री योजना शिबिरांतून चालते; शिबिर आपल्या तालुक्यात केव्हा भरेल हे दैवाधीन; आणि साठीच्या आतल्या माणसाला तेथे थारा नाही. निपाणीच्या वखारीतील त्या पन्नाशीच्या बाईने दहा वर्षे दाताविना काढावीत आणि मग शिबिराची वाट पाहावी, असा याचा अर्थ होतो. हक्क असेल तर तो बारमाही असला पाहिजे. शिबिरातील कृपा हा हक्क नव्हे.

आता कर्नाटक सरकारकडे वळू. या सरकारशी आमचा दावा सुपरिचित आहे. १९५६ साली आमची इच्छा डावलून आम्हांस ज्या राज्यात घातले गेले, त्याच्याविरुद्ध महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आहे आणि त्या न्यायाची आम्ही वाट पाहत आहोत. परंतु शत्रूच्याही हातून झालेले चांगले काम नाकारणे हा आमचा धर्म नव्हे. कर्नाटक सरकारने २०१४ च्या सुमारास ‘दंत भाग्य’ नावाची योजना काढली आणि दंतमहाविद्यालयांच्या साह्याने दारिद्र्यरेषेखालील वृद्धांना मोफत कवळी देण्याचे ठरविले. ही कल्पना उत्तम आहे. केरळमध्येही ‘मंदहासम्’ या नावाने अशीच योजना निघाली. तेव्हा जे होऊ शकत नाही असे सांगितले जाते, ते दक्षिणेतील दोन राज्यांनी करावयास घेतले, हे महाराष्ट्रातील सत्ताधाऱ्यांनीही कान देऊन ऐकावे.

परंतु आमचा प्रश्न असा, की बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील किती मराठी वृद्धांना ही योजना ठाऊक आहे? तिचे फलक कोणत्या भाषेत लागले? तिचे अर्ज कोणत्या भाषेत छापले? ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक लोकसंख्येच्या १५ टक्क्यांहून अधिक आहेत, तेथे महत्त्वाच्या सूचना व नियम त्यांच्या भाषेत प्रसिद्ध करावेत, हे तत्त्व राज्यांच्या मुख्यमंत्र्यांनी १९६१ सालीच मान्य केलेले आहे. आम्ही येथे कोणाची मेहेरबानी मागत नाही. जी योजना लाभार्थ्याला वाचताच येत नाही, ती त्याच्यापुरती अस्तित्वातच नसते. भाग्य वाटावयास निघालेल्यांनी ते कुलूपबंद पेटीत घालून किल्ली अनोळखी लिपीत लपवून ठेवावी, याला वाटप म्हणत नाहीत.

दुसरी अडचण व्यवहाराची आहे आणि ती भाषेइतकीच महत्त्वाची आहे. कवळी ही चपलेसारखी तयार मिळणारी वस्तू नव्हे. आधी हिरड्यांचे माप घ्यावे लागते, मग त्यावरून साचा होतो, मग वरच्या-खालच्या जबड्यांचा मेळ पाहावा लागतो, मग मेणात दात बसवून ते मुखात लावून पाहतात, आणि मग कोठे पक्की कवळी तयार होते. चार-पाच खेपा सहज पडतात. त्यानंतर ती टोचते, घासते, सैल होते. पुन्हा दाखवावी लागते. दात गेल्यावर जबड्याचे हाड झिजत राहते, म्हणून काही वर्षांनी कवळी बदलावीही लागते. आता कणकुंबी किंवा जांबोटीकडील वृद्धाने बेळगावपर्यंत इतक्या खेपा कराव्यात, प्रत्येक खेपेस सोबत एक कमावता माणूस आणावा, त्याची मजुरी बुडावी आणि प्रवासाचा खर्च पदरचा करावा, तर मोफत कवळी किती मोफत राहिली? बेळगावात के.एल.ई. संस्थेचे आणि आमच्या मराठा मंडळाचे अशी दोन दंतमहाविद्यालये आहेत. शिकाऊ दंतवैद्यांना रुग्ण हवे असतात आणि रुग्णांना दंतवैद्य हवे असतात. या दोहोंची गाठ तालुक्याच्या ठिकाणी आठवड्यातून एक दिवस घालून देणे, हे अवघड काम नव्हे.

आणि महाराष्ट्र सरकारचे काय? २०२३ साली महाराष्ट्राने सीमाभागातील ८६५ गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचे ठरविले व त्यासाठी ५४ कोटी रुपयांची घोषणा केली. आम्हांस त्याचा आनंद झाला. २०२४ च्या जानेवारीत त्या योजनेची सेवा केंद्रे बेळगाव भागात उघडली आणि कर्नाटकाच्या प्रशासनाने ती बंद पाडली. रुग्णाला औषध देणाऱ्या दारालाही टाळे ठोकावे, इतका मराठी माणसाच्या आरोग्याचा यांना धसका! स्वतः पुरेसे द्यावयाचे नाही आणि दुसरा देतो त्याचा हात धरावयाचा, या वृत्तीला राज्यकारभार हे नाव शोभत नाही. त्या दडपशाहीचा आम्ही आजही निषेध करतो.

परंतु निषेधाच्या आवेशात महाराष्ट्राला विचारावयाचा प्रश्न आम्ही विसरणार नाही. ज्या पत्रांसाठी आमचे कार्यकर्ते पोलिसांशी झगडले, त्या पत्रात आमच्या दात गेलेल्या वृद्धांसाठी काय आहे? केंद्राच्या ज्या योजनेशी तुम्ही आपली योजना एकत्र केली, तिने कवळीचा विचारच केलेला नाही. तुम्ही तो केला काय? २०२४ साली तुम्ही मुख्यमंत्री वयोश्री योजना काढून ६५ वर्षांवरील गरिबांना साधनांसाठी ३००० रुपये देण्याचे ठरविले. चष्मा, श्रवणयंत्र, काठी, चाकाची खुर्ची, कमरेचा पट्टा, मानेचा पट्टा, अशी नावे तुम्ही घेतलीत. त्यात कवळीचे नाव का नाही? कमरेला पट्टा आणि मुखाला काहीच नको? आणि ही योजना महाराष्ट्राच्या रहिवाशांपुरती असल्यामुळे सीमेवरचा मराठी वृद्ध तिच्याही बाहेर. कर्नाटकात तो मराठी म्हणून परका आणि महाराष्ट्रात तो कर्नाटकाचा रहिवासी म्हणून परका! सीमाभाग आपलाच आहे असे विधिमंडळात एकमुखाने ठराव करणाऱ्यांनी, त्या ठरावातील मुखांपैकी किती मुखांत दात आहेत, हे एकदा मोजून पाहावे.

येथे आणखी एक गोष्ट आम्हांस सांगितल्यावाचून राहवत नाही. आपल्या वर्णमालेत त, थ, द, ध, न हे वर्ण दंत्य म्हणून ओळखले जातात, कारण जीभ दातांना टेकल्यावाचून ते उमटत नाहीत. मराठीचे खास वैशिष्ट्य असलेले दंततालव्य च, ज, झ हेही दातांच्या आश्रयानेच उभे असतात. ज्याचे दात गेले त्याची भाषाही अर्धी जाते. तो बोलतो, पण मुले हसतात. तो कचेरीत आपले गाऱ्हाणे मांडतो, पण कारकुनाला ते समजत नाही. पुढे तो बोलणेच कमी करतो. मातृभाषेसाठी झगडणाऱ्या चळवळीला या गोष्टीचे महत्त्व आम्ही वेगळे सांगावयास हवे काय? १९५६ साली ‘बेळगाव, कारवार, निपाणीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ ही घोषणा ज्या तरुण मुखांतून या रस्त्यांवर घुमली, त्यांतील जी आज हयात आहेत ती ऐंशीच्या पलीकडे आहेत. लाठ्यांनी त्यांचा आवाज बंद झाला नाही, तुरुंगाने झाला नाही. तो दातांच्या अभावी पुसट व्हावा, ही आम्हा सर्वांना लाज आणणारी गोष्ट आहे.

आणि लाजेचा विषय निघालाच आहे, तर स्वतःकडेही बोट वळवू. दरवर्षी १७ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन करताना आणि अन्य समारंभांत आपण जुन्या सत्याग्रहींचा शाल-श्रीफळ देऊन गौरव करतो. ज्या वृद्धाला भाकरी चावत नाही, त्याच्या हाती आपण नारळ ठेवतो! हेतू शुद्ध असतो, हे आम्ही जाणतो. या पत्रानेही असे सत्कार घडविले आहेत आणि त्या वेळी ही विसंगती आमच्याही ध्यानात आली नाही. परंतु येथून पुढे प्रत्येक सत्कारापूर्वी त्या वृद्धाला एवढे विचारावे, की आपणास जेवता येते काय? आमच्या मंडळांनी, सहकारी पतसंस्थांनी आणि युवक संघांनी एका शालीच्या ऐवजी एका कवळीचा विचार केला, तर त्या सत्काराला अर्थ येईल.

मात्र धर्मादायाने हा प्रश्न सुटणार नाही. दात कोरून पोट भरत नाही, तद्वत् वर्गणी काढून हजारो मुखे भरत नाहीत. म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. केंद्र सरकारने जन आरोग्य योजनेच्या वगळलेल्या यादीत दुरुस्ती करून गरीब प्रौढांना, वयाची अट न घालता, कवळी आणि तिची पुढील दुरुस्ती हक्काने द्यावी. खाटेवर झोपल्यावाचून विमा नाही, हा नियम कवळीपुरता तरी रद्द करावा. कर्नाटक सरकारने दंत भाग्य योजनेची माहिती व अर्ज सीमाभागात मराठीतून उपलब्ध करावेत, तालुका रुग्णालयांत मापे घेण्याची सोय करावी आणि रुग्णास व सोबत्यास प्रवासखर्च द्यावा. महाराष्ट्र सरकारने आपल्या दोन्ही योजनांत कवळीचा स्पष्ट समावेश करावा आणि ८६५ गावांतील वृद्धांना वयोश्रीचा लाभ द्यावा. आणि कर्नाटकाने त्यात अडथळा आणू नये.

वाचकांनाही आमचे एक सांगणे आहे. आपल्या घरी, शेजारी, वाड्यात जो वृद्ध भाकरी भिजवून खातो, त्याचे दारिद्र्यरेषेचे शिधापत्र घेऊन त्याला सरकारी रुग्णालयाच्या दंतविभागात न्यावे आणि दंत भाग्य योजनेखाली कवळी मिळावी असा अर्ज करावा. अर्ज मराठीत लिहावा. घेण्यास नकार दिला तर तो नकार लेखी मागावा, आणि त्याची प्रत समितीच्या कचेरीत आणून द्यावी. कर्नाटकाच्या योजनेचा लाभ घेतल्याने आपला दावा दुबळा होतो, असा भ्रम कोणी बाळगू नये. आपण येथे कर भरतो. त्या कराच्या पैशातून मिळणारा घास मागणे म्हणजे सीमेवरचा हक्क सोडणे नव्हे. भुकेल्या पोटाने आणि रिकाम्या मुखाने लढा अधिक तेजस्वी होतो, असे ज्यांना वाटते त्यांनी तो प्रयोग स्वतःवर करून पाहावा.

न्यायालयाचा निकाल यावयाचा तेव्हा येईल आणि तो आमच्या बाजूने येईल, अशी आमची श्रद्धा आहे. त्या दिवशी या गावांत पेढे वाटले जातील. ते पेढे मऊ असतात, दात नसले तरी चालतात, असे म्हणून कोणी आमची समजूत घालू नये. आमच्या वृद्धांनी त्या दिवशी सर्वांच्या पंक्तीला बसून, भाकरीचा पहिला घास स्वतःच्या मुखात घालून, तो नीट चावून खावा, एवढीच आमची मागणी आहे. जे राज्य आपल्या गरिबाला एवढेही देऊ शकत नाही, त्याने फलकावरची ती हसरी चित्रे आधी उतरवावीत.